राणीचे हात

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ज्ञानदेव मेश्रामच्या टेबलावरचा फोन वाजला, तेव्हा तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक व्हॉल्व्ह दोन इंच वर सरकवत होता. ह्यूस्टनच्या पश्चिमेला हायवेलगत त्याचं ऑफिस होतं, सातव्या मजल्यावर. तेलशुद्धीकरण कारखान्यातले पाइप कुठून कुठे जातील याची ड्रॉइंग्ज तो करत असे. बारा वर्षं याच ऑफिसात, त्याआधी मुंबईत चौदा. फोनवर शुगर लँडच्या लायब्ररीतली बाई होती. तिनं त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, तुमच्या मिसेस टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या, आम्हाला वाटलं डोळा लागलाय. आता अँब्युलन्स आलीय, तुम्ही हॉस्पिटललाच या. ज्ञानदेव हो म्हणाला. फोन ठेवला. व्हॉल्व्ह जागेवर बसवला, फाइल सेव्ह केली, आणि मग उठला. त्या व्हॉल्व्हची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. ऑफिसातून हॉस्पिटलपर्यंत पस्तीस मिनिटं लागली, त्या पस्तीस मिनिटांत त्याच्या मनात एकच विचार होता, की सुजाताला दिवसा झोप कधी येत नाही. मार्च महिना होता, दोन हजार सहा सालचा, आणि गाडीत आत्ताच एसी लावावा लागत होता. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर त्याला बाजूच्या खोलीत घेऊन गेला, खुर्चीवर बसवलं, आणि डोक्यातली रक्तवाहिनी फुटल्याचं सांगितलं. अँब्युलन्स पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. त्रास झाला नसावा, असं तो म्हणाला. ज्ञानदेवनं विचारलं, "कोणत्या बाजूची?" डॉक्टर म्हणाला, डावीकडची. कळून काय करायचं होतं ते ज्ञानदेवला माहीत नव्हतं. पण कुठे काय फुटलं हे आधी विचारायचं, ही कामाची सवय.

लायब्ररीतली बाई संध्याकाळी स्वतः घरी आली. एका खोक्यात सुजाताच्या वह्या, झेरॉक्सचे गठ्ठे, चष्म्याचं घर आणि शिसपेन्सिली होत्या. ती दारातच रडली. ज्ञानदेवनं तिला पाणी दिलं. इतकी वर्षं सुजाता दर मंगळवारी आणि गुरुवारी त्या लायब्ररीत बसायची, हे त्याला माहीत होतं. पण तिथं तिच्यासाठी रडणारं कोणी आहे हे माहीत नव्हतं. बाई म्हणाली, "शी टॉट मी ऑल द किंग्ज." म्हणजे सुजातानं हिलाही ते राजे शिकवले होते.

ते राजे एलामचे. सुजाता कोणालाही सांगताना असंच सुरू करायची: इराणच्या नैर्ऋत्येला, इराकच्या शेजारी, पर्शियन लोकांच्या कितीतरी आधी एक राज्य होतं, त्याचं नाव एलाम; त्यांची भाषा कोणत्याच दुसऱ्या भाषेशी जुळत नाही; आणि त्यांनी डोंगरांच्या अंगावर आपले देव, राजे आणि माणसं कोरून ठेवली. इथल्या मराठी असोसिएशनच्या जेवणात बायका भाताची रेसिपी विचारायला यायच्या आणि एलाम ऐकून परत जायच्या. "ताईच्या बाजूला बसू नका, तीन हजार वर्षं मागे जाल," असं असोसिएशनमधला राकेश म्हणायचा, आणि स्वतः तिच्याच बाजूला बसायचा. सुजातानं नागपूर विद्यापीठात प्राचीन इतिहासात एम.ए. केलं होतं. अमेरिकेत आल्यावर नवऱ्याच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. ग्रीन कार्ड येईपर्यंत सात वर्षं गेली आणि तोवर नोकरीची इच्छाही गेली. पण रिकामी ती बसली नाही. ज्ञानदेवला आठवायचं ते अठ्ठ्याण्णव सालचं पॅरिस. नागपूरला जाताना विमान बदलायला नऊ तास होते. अकरा वर्षांच्या मुलीला, मैत्रीला, आयफेल टॉवर बघायचा होता. सुजातानं दोघांना म्युझियममध्ये नेलं, तिथं वाट चुकली, आणि तिघं एका शांत दालनात येऊन पोचले. समोर उंच दगडी फलक होता, तुकडे जोडून उभा केलेला, मधले कितीतरी तुकडे हरवलेले. वर बसलेला देव, त्याच्या हातात नाग, पुढ्यात राजा. त्याखाली राजा आणि दोन बाजूंना दोन स्त्रिया. एक त्याची राणी आणि दुसरी पुजारीण. त्याखाली माशाचं अंग असलेल्या बाया हातात पाण्याचे प्रवाह धरून. सुजाता हलेना. "अहो, नाग बघा," ती म्हणाली. "आपला मुचलिंद बुद्धावर फणा धरतो ना, त्याच्या किती आधी हा नाग सिंहासनाशी येऊन बसलाय." मैत्री म्हणाली, "मॉम, आय ॲम हंग्री." फोटो काढायला कॅमेऱ्यात रोल उरला नव्हता. तेव्हा सुजातानं पर्समधून विमानाच्या तिकिटाचं पाकीट काढलं आणि ज्ञानदेवच्या हातात दिलं. "तुम्ही ड्राफ्ट्समन आहात ना? मग काढा." त्यानं बाकावर बसून काढलं. बॉलपेननं, पाऊण तास. त्या दिवशी आयफेल टॉवर राहिला. मैत्री ती गोष्ट अजून ऐकवते.

त्या पाकिटापासून त्यांचं काम सुरू झालं. सुजाता लायब्ररीतून जुनी पुस्तकं मागवायची, कधी कधी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठांतून. त्यांतल्या काळ्यापांढऱ्या फोटोंच्या झेरॉक्स काढायची. आणि शनिवारी सकाळी वंदना झाली, पोहे झाले, की ज्ञानदेव डायनिंग टेबलवर झेरॉक्स पसरून त्यावर ट्रेसिंग फिल्म चिकटवायचा आणि शाईच्या पेनानं दगडातल्या रेघा उचलून घ्यायचा. ऑफिसात हातानं ड्रॉइंग काढणं कधीच बंद झालं होतं. एकेकाळी त्याचं सगळं आयुष्य त्या हातावर उभं होतं: नागपूरच्या आयटीआयमधला लाकडी बोर्ड, टी-स्क्वेअर, चुकलेली शाई अर्ध्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडून काढायची कला. मास्तर म्हणायचे, मेश्रामचं ड्रॉइंग पोस्टात टाकलं तरी तो कारखाना तिकडे उभा राहील. कॉम्प्युटरनं तो हात काढून घेतला होता आणि सुजातानं तो परत दिला. पहिल्या चित्राला मात्र तिनं नाक मुरडलं. कुरंगून नावाच्या जागी नदीच्या वर डोंगरात कोरलेलं चित्र होतं ते. वेटोळं घातलेल्या नागाच्या आसनावर देव आणि देवी, हातातल्या भांड्यातून वाहणारं पाणी, आणि बाजूच्या खडकात पायऱ्यांवरून उतरणारे चाळीसेक भक्त, एकामागे एक, केस पाठीवर सोडलेले. ज्ञानदेवनं सगळ्यांना एका रेषेत उभं केलं होतं. "तुम्ही दगडाला इस्त्री केली," ती म्हणाली. "आणि याला नाक कुठून आलं? फोटोत नाकाचा टवका गेलाय." तो म्हणाला, "माणसाला नाक असतंच." "असेल. पण दगडात उरलंय का? नाही उरलं तर नाही काढायचं."

ते त्याला पटवायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण तो नियम त्याच्याच धंद्यातला होता. कारखान्याची दोन ड्रॉइंग्ज असतात. एक डिझाइनचं: पाइप कुठे असायला हवा. दुसरं ॲज-बिल्ट: पाइप खरोखर कुठे आहे. ॲज-बिल्टसाठी साइटवर जावं लागतं, शिडी चढावी लागते, टेप लावून मोजावं लागतं. कारण बांधणाऱ्यानं कुठे वळण घेतलं, कुठे एक आधार जास्तीचा दिला, हे कागदाला ठाऊक नसतं. डिझाइन बघून ॲज-बिल्ट भरणाऱ्या पोरांना ज्ञानदेव नेहमी झापायचा. उद्या कोणी त्या कागदावर विश्वास ठेवून भिंत फोडली आणि आत पाइप निघाला, तर? सुजाताला त्यानं हे समजावून सांगितलं तेव्हा ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "हेच. मला ॲज-बिल्ट पाहिजे." तेव्हापासून हा शब्द घरचा झाला. भाजी कशी झालीय, ॲज-बिल्ट सांगा. मैत्री अभ्यास करतेय असं म्हणते, ॲज-बिल्ट काय आहे ते बघून या. जिथं दगड झिजलाय तिथं तुटक ठिपके द्यायचे, जिथं काहीच दिसत नाही तिथं कोरं ठेवायचं, असं ठरलं. सहा चित्रं त्यानं तशीच काढली. त्यांतलं चौथं काढायला त्याला दोन हिवाळे लागले. खडकाच्या एका मोठ्या तोंडावर शंभरावर माणसं, रांगांवर रांगा, वर सिंहासनावर राजा, बाजूला वाद्यं वाजवणारे; आणि प्रत्येकाचा एक हात तोंडाशी. सुजाताचं म्हणणं होतं, ते सगळे जेवताहेत. "राजा आणि शेवटच्या रांगेतला माणूस एकाच पंगतीला," ती म्हणाली. मग हसून म्हणाली, "अर्थात राजाला खुर्ची आहेच. पण घास एकच दिसतोय." ज्ञानदेवला आपले वडील आठवले, लग्नाच्या मांडवाबाहेर पत्रावळ घेऊन उभे असलेले. त्यानं शेवटच्या रांगेतल्या प्रत्येक माणसाचा हात मोजून काढला.

सुजाताचं पुस्तक मराठीत होतं. इंग्रजीत लिहिणारे पुष्कळ आहेत, ती म्हणायची. माझ्या आईला वाचता येईल असं पाहिजे. आई जाऊन दहा वर्षं झाली होती, पण वाचक तोच ठरला. ज्ञानदेवच्या पाठीमागे बसून ती लिहायची, वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि त्यानं नुसतं 'हूं' म्हटलं की पुसायची. "तुमच्या हूंमध्ये दोन प्रकार आहेत," ती म्हणायची. "एक समजल्याचा आणि एक पोहे मागायचा." शनिवारच्या त्या सकाळी आता त्याला एकामागून एक अशा वेगळ्या आठवत नव्हत्या. सगळ्या मिळून एकच लांब सकाळ झाली होती: खिडकीबाहेर सपाट हिरवळ, शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन, शाईचा वास, आणि पाठीमागे पेन्सिलीची खरखर. ती गेल्यावर पहिल्या शनिवारी तो वंदना करून टेबलाशी बसला आणि खरखर ऐकू येण्याची वाट बघत राहिला. मग उठून पोहे केले. जास्त झाले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. ह्यूस्टनहून, डॅलसहून लोक आले. बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, सुत्तपठण झालं. मैत्री ऑस्टिनहून कॉलेज बुडवून आली होती. राकेशनं तिला सुचवलं, आईच्या पुस्तकातलं काहीतरी वाच. तिनं पाचवं प्रकरण वाचलं. मराठी वाचायची तिला सवय नव्हती, एकेक अक्षर लावत वाचत होती, जोडाक्षराला थांबत होती, आणि म्हणूनच बहुतेक, कोणी जागचं हललं नाही. प्रकरण एका गुहेबद्दल होतं. तिथं झऱ्याच्या वरच्या खडकात एक राजा कोरलाय, त्याच्या मागे मूल आणि मुलामागे राणी. तिघं एकाच दिशेला तोंड करून उभे. राणी राजाइतकीच ठळक. आणि या राणीनं, सुजातानं लिहिलं होतं, दोन्ही तळवे छातीशी जोडले आहेत. आपण जोडतो तसेच. देव कोणता होता हे आज कोणाला नीट सांगता येत नाही, त्याची भाषा मेली, त्याचं देऊळ पडलं. पण हात जोडणं उरलं. ते कोणा देवाच्या मालकीचं नाही. म्हणून ज्या दिवशी आपण देव सोडले त्या दिवशी हात सोडावे लागले नाहीत. मैत्रीनं हे वाक्य वाचलं तेव्हा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं नकळत हात जोडले, आणि मग खोलीतल्या सगळ्यांनीच. राकेशनं तिथल्या तिथं ठरवलं, हे पुस्तक नागपुरात छापायचं. येत्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. दीक्षाभूमीवर लाखो लोक येणार, पुस्तकांचे स्टॉल लागणार. "ताई तिथं असली पाहिजे, भाऊ," तो म्हणाला. ज्ञानदेव हो म्हणाला. त्या दिवशी त्याला कोणीही काहीही विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता, पण हे हो मनापासूनचं होतं.

मे महिन्यात लायब्ररीतल्या बाईचा पुन्हा फोन आला. फोनवर लायब्ररीचा नंबर बघून ज्ञानदेवनं तो लगेच उचलला नाही, जणू ती पुन्हा तेच सांगणार होती. ती अडखळत म्हणाली, सुजातानं जानेवारीत मागवलेलं एक पुस्तक आत्ता आलंय, एका विद्यापीठाकडून; परत पाठवू का, की तुम्हाला एकदा बघायचंय? घरी न्यायला मिळणार नाही, इथंच बसून बघावं लागेल. तो शनिवारी गेला. पुस्तकाला कागदी पट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीवर 'मेश्राम, एस.' असं छापलेलं होतं. सुजाताची जागा खिडकीजवळची, हे बाईनं न विचारता हातानं दाखवलं. तो तिथं बसला नाही. बाजूच्या टेबलाशी बसला आणि पानं उलटत गेला. मजकूर जर्मन होता. फोटो मोठे होते, स्वच्छ होते, आणि गुहेतल्या राणीचा फोटो पानभर होता. सकाळी लवकर काढलेला असावा, कारण ऊन बाजूनं येत होतं आणि झिजलेल्या रेघांनासुद्धा सावली होती. पहिल्यांदा त्यानं मुलाकडे बघितलं. मग राणीच्या केसांकडे. मग तिच्या कोपराकडे, आणि तिथं त्याची नजर अडकली. कोपर खाली होतं. त्यानं काढलं होतं त्यापेक्षा बरंच खाली. कोपर इतकं खाली असेल तर तळवे छातीशी येतच नाहीत; माणसाचा हातच तेवढा नसतो. डावा हात पोटाशी आडवा दिसत होता. उजवा त्यावर ठेवलेला होता की थोडा वर उचललेला होता, ते याही फोटोत नक्की कळत नव्हतं. पण एक गोष्ट नक्की होती. हात जोडलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो राणीच्या चित्राची ट्रेसिंग फिल्म आणि मोजपट्टी घेऊन आला. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, दोन्हीकडे मोजलं, गुणोत्तर काढलं. आपल्याच कामात चूक शोधायला बसलेल्या माणसाला आत कुठेतरी वाटत असतं की मोजमाप आपल्याला वाचवेल. वाचवलं नाही. मग तो जुन्या झेरॉक्सकडे बघत बसला. तिच्यात छातीपाशी एक धुरकट उंचवटा होता, बाकी काही नाही. ठिपके द्यायची जागा होती ती, किंवा कोरी सोडायची. तिथं त्यानं अखंड रेघेनं दोन तळवे काढले होते, बोटांसकट. कधी काढले ते आठवत होतं. आपण काढतोय असं तेव्हा वाटलं नव्हतं, दिसतंय असंच वाटलं होतं. आणि मग सुजाता मागून येऊन वाकली होती. तिचे केस त्याच्या कानाला लागले. कितीतरी वेळ ती काही बोलली नाही, आणि मग हळूच म्हणाली, "अहो, हे नक्की दिसून राहिलं का? झेरॉक्समध्ये मला एवढं कळत नाही." ती घाईत असली किंवा घाबरलेली असली की नागपूरचं बोलायची. ज्ञानदेव मान वर न करता म्हणाला होता, "दिसतंय." "ॲज-बिल्ट?" "ॲज-बिल्ट." ती त्याच संध्याकाळी लिहायला बसली. इतकी खुशीत होती की चहात साखर घालायची विसरली आणि तसाच प्यायली. तिनं पाचवं प्रकरण चार दिवसांत लिहिलं, आणि पुढची तीन प्रकरणं त्याच्या आधारानं. मग जानेवारीत हे जर्मन पुस्तक मागवलं. खात्री करायला मागवलं असेल? तिला शंका आली होती? की नुसतंच मागवलं? हे विचारायला आता कोणी नव्हतं.

त्यानं आधी मैत्रीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सो फिक्स द ड्रॉइंग, बाबा."

"ड्रॉइंग करीन. पण मग प्रकरण पडतं. तू वाचलंस ते."

"डिड मॉम नो?"

"नाही. तिनं मला विचारलं होतं. मी दिसतंय म्हणालो."

 पलीकडे होस्टेलमधली कोणीतरी मुलगी हसत होती. मग मैत्री मराठीत म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही केलं." आणि थोड्या वेळानं, "बट शी वुड हॅव किल्ड यू." ज्ञानदेवला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उभं राहावं लागलं.

राकेश पुढच्या रविवारी दुपारी आला. हा नागपूरच्या इंदोऱ्याचा, सॉफ्टवेअरमधला, चौतीस वर्षांचा. पहिल्यांदा अमेरिकेत आला तेव्हा महिनाभर याच घरात राहिला होता. सुजाता त्याची ताई. ज्ञानदेव नात्यानं भाऊजी व्हायला हवा होता, पण पहिल्यापासून भाऊच झाला. त्यानं पुस्तकाची प्रुफं आणली होती, मुखपृष्ठ आणलं होतं. मुखपृष्ठावर राणी होती, हात जोडलेली. ज्ञानदेवनं त्याला जेवायला वाढलं, जेवण होऊ दिलं, आणि मग फिल्म आणि मापांचा कागद समोर ठेवून सगळं सांगितलं. राकेशनं दोन्हीकडे बघितलं. हात धुऊन आला. पुन्हा बघितलं.

"भाऊ, हे तुमच्याशिवाय कोणाला कळणार आहे?"

"त्या जर्मन माणसाला."

"तो मराठी वाचून राहिला काय?"

"उद्या कोणी वाचेल. नागपूर विद्यापीठात तिचेच विषय शिकवतात. एखादी पोरगी पुस्तक घेऊन बसेल, फोटो शोधून बघेल. म्हणेल, मेश्राम बाईंनी हात मनानंच जोडले."

"मग खाली टीप देऊ. चित्रकाराकडून चूक झाली म्हणून. तुमचं नाव टाकू, मोठ्या अक्षरात." राकेश हसला, पण ज्ञानदेव हसला नाही, तेव्हा तो गंभीर झाला. "हे बघा, प्रत्येक पुस्तकात चार चुका असतात. आणि ताईनं जे लिहिलं ते खोटं आहे काय? हात कोणाच्या मालकीचे नाहीत, हे खोटं आहे? तुम्ही त्या दिवशी लोकांकडे बघितलं नाही. मी बघितलं. मी दीक्षाभूमीवर सांगून ठेवलंय सगळ्यांना. प्रेसवाला शुक्रवारी छपाईची प्लेट टाकतो म्हणतो. पन्नासावं वर्ष पुन्हा येणार नाही, भाऊ."

"माहीत आहे मला."

"मग?"

"रोज वंदनेत आपण म्हणतो, हा धम्म येऊन बघण्यासारखा आहे. ऐकून मानायचा नाही, बघायचा. ती दगड बघत होती, राकेश. माझ्या डोळ्यांनी बघत होती. मी तिला नसलेलं दाखवलं."

राकेशनं प्रुफं गोळा केली, कडा जुळवल्या, पुन्हा पसरल्या. "ताईचं नाव छापलेलं मला बघायचं होतं," तो म्हणाला.  "माझ्या आईला दाखवायचं होतं."

"छापशील. पण असं नको. तिच्या नावाखाली माझी चूक नको."

राकेश जाताना जय भीम म्हणाला, पण नेहमीसारखं गाडी सुरू करून काच खाली करून पुन्हा दोन शब्द बोलला नाही. पुढे महिनाभर त्याचा फोन आला नाही. मग एके दिवशी आला, आणि तो दुसऱ्याच कशाबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, प्रेसला कॅन्सल केलंय.

राकेश गेला त्या दुपारी ज्ञानदेव टेबलाशी बसला. अर्ध्या ब्लेडला कागद गुंडाळला आणि सातव्या चित्रातले राणीचे तळवे खरवडायला घेतले. शाईची बारीक काळी पूड निघत होती, ती तो ब्रशनं झटकत होता. आधी बोटं गेली. आणि तेव्हा, न बोलावता, त्याला आई आठवली. छप्पन सालच्या त्या ऑक्टोबरात तो सहा महिन्यांचा होता, आणि आई त्याला घेऊन दीक्षेच्या त्या मैदानात उभी होती, पांढऱ्या लुगड्यात. ही गोष्ट ती दर वर्षी सांगायची, आणि दर वर्षी तिथंच थांबायची: सगळ्यांनी हात जोडले, पण माझ्या एका हातात तू होतास आणि दुसऱ्या हातात पदर, वारा होता ना, सगळ्यांचे हात जोडलेले आणि माझेच नव्हते. "मग काय झालं?" तो लहानपणी विचारायचा. "काय व्हायचं? तोंडानं म्हटलं," आई म्हणायची. म्हातारपणी, दृष्टी गेल्यावरही, ती हे सांगायची, आणि सांगताना मांडीवरचे हात उचलून एकमेकांपाशी आणायची. सुजातानं ही गोष्ट सासूकडून कितीदा तरी ऐकली होती. मग ते चित्र बघून ती इतका वेळ गप्प का राहिली होती? कोणाचे हात काढले गेले हे तिला त्याच्याआधी कळलं होतं का, आणि तरी तिनं विश्वास ठेवला? की विश्वास ठेवायचा होता म्हणून तेवढं एकदाच विचारलं? ब्लेड थांबलं. फिल्मवर आता एक निस्तेज डाग उरला होता. शाई काढली तरी फिल्मची चकाकी परत येत नाही. राणी हाताशिवाय उभी होती, पुढे मूल, त्याच्या पुढे राजा. तिथं ठिपके देता आले असते. एका हातावर दुसरा हातही काढता आला असता, नव्या फोटोवरून, आणि तो बहुतेक बरोबर निघाला असता. त्यानं पेन उघडलं, कागदावर रेघ ओढून शाई वाहते का बघितलं. पण बहुतेक म्हणजे दिसणं नव्हे. पुन्हा बंद केलं.

ऑक्टोबर आला आणि गेला. राकेश पुस्तक न घेताच नागपूरला जाऊन आला. तिथल्या गर्दीचे फोटो त्यानं पाठवले, माणसांच्या रांगांवर रांगा. ज्ञानदेवनं ते मोठे करून बघितले. ऑफिस चालू आहे. मंगळवारी किंवा गुरुवारी कामावरून येताना तो लायब्ररीत थांबतो, जर्मनचं शिकाऊ पुस्तक घेऊन बसतो. आतापर्यंत त्याला त्या फोटोखालच्या, उतरवून घेतलेल्या ओळींतले निम्मे शब्द लागतात. पुस्तकाच्या तेरा चित्रांपैकी बारा पुरी आहेत. सातव्यात राणीचे हात नाहीत. ते कोणीतरी त्या गुहेत जाऊन, दगडापुढे उभं राहून बघायचे राहिले आहेत, आणि पाचवं प्रकरण पुन्हा लिहायचं राहिलं आहे.